हिरवं की निळं? अर्थात गाडीच्या पाण्याचा इतिहास

तर झालं असं. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना, गुरुवारची संध्याकाळ, आणि आमचा रिलीजचा कॉल ऐन रंगात आलेला. अशात दादाचा फोन. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. पाटोदा तालुक्यात आमचं गाव, तिथं तो शेती आणि दुधाचा धंदा बघतो.

"इंजिनियर, गाडी लई गरम व्हायलीय. पंखा बंदच होईना. आन् ती बाजूची डबी हाय ना, तिच्यात काहीच दिसंना. काय टाकू?"

"पाणी टाक दादा. चालतंय."

"कुठलं?"

"कुठलं म्हणजे? आपलं साधं."

"बरं. बोअरचं टाकतो मग."

मी फोन ठेवला आणि परत कॉलवर गेलो. नंतर सविस्तर बोलू असं म्हणालो होतो. ते 'नंतर' काही आलं नाही. (आमच्या धंद्यात 'नंतर' या शब्दाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे.)

ही गाडी मूळची माझीच. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी हौसेनं घेतलेली, २०० सीसीची, रेडिएटरवाली. पुढे कार घेतली तेव्हा ती दादाला दिली. कॉलेजच्या पोरांनी मिरवायची गाडी, तिला दादानं दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन अडकवले. दिसायला मजेशीर, पण पळायची झकास. तर त्या फोननंतर वर्षभरानं, पुन्हा मे महिन्यातच, बीडहून परतताना मांजरसुंब्याच्या घाटात गाडीनं वाफ सोडली. मागे पेंडीचं पोतं, वर ऊन, घरी धारेची वेळ झालेली. दादानं दहा मिनिटं थांबून तशीच दामटली. घरी पोचेपर्यंत हेड गॅस्केट गेलेलं आणि हेड वाकलेलं. बीडच्या मेकॅनिकनं इंजिन उघडलं आणि आधी हेच विचारलं, "ह्यात कुणी चुना कालवलाय का?"

खर्च आला साडेअकरा हजार, आणि दहा दिवस गाडी नाही. दहा दिवस दादा सकाळ-संध्याकाळ दुसऱ्याच्या गाडीमागं बसून दूध घालायला गेला. मला एका शब्दानं बोलला नाही. "तूच म्हणला होतास" हे तो सहज म्हणू शकला असता. नाही म्हणाला, आणि तेच जास्त लागलं. चार वर्षं इंजिनियरिंग केलेल्या माणसाला बारावी झालेल्या माणसानं एकच नेमका प्रश्न विचारला होता, 'कुठलं?', आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तेव्हापासून जमेल त्या शनिवार-रविवारी ते शोधतोय. शोधता शोधता म्युनिकपासून परळीपर्यंत फिरून आलो. तोच हा प्रवास.

सुरुवात अगदी मुळापासून करू. पेट्रोल जाळून जी ऊर्जा मिळते, तिचा ढोबळमानानं तिसरा हिस्साच चाकापर्यंत जातो. साधारण तेवढीच सायलेन्सरमधून बाहेर पडते आणि उरलेली इंजिनच्या धातूत शिरते. जळत्या वायूचं तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं. आणि ज्या अॅल्युमिनियमचं इंजिन असतं ते ६६० अंशांना वितळतं. म्हणजे ही उष्णता सतत उपसून बाहेर फेकली नाही, तर इंजिन स्वतःलाच खाणार. उपसायची कशानं? हवेनं किंवा पाण्यानं.

मला आपलं वाटायचं की हवेवर थंड होणाऱ्या गाड्या जुन्या आणि पाण्याच्या गाड्या नव्या. चूक! १८८५ साली डाइमलर आणि मायबाखनं जी लाकडी सांगाड्याची पहिली मोटरसायकल बनवली, ती हवेवरची होती. पण कारखान्यात बनवून लोकांना विकलेली पहिली मोटरसायकल म्हणून जिचं नाव घेतात, ती म्युनिकची हिल्डेब्रँड अँड वोल्फम्युलर, साल १८९४. आणि ती पाण्यावर थंड होणारी! जवळजवळ दीड लिटरचं इंजिन, ताकद जेमतेम अडीच हॉर्सपॉवर, आणि पाण्याची टाकी कुठे, तर मागच्या चाकाच्या मडगार्डमध्ये. म्हणजे आमच्या दादाच्या गाडीतली 'नवी' तंत्रविद्या टिळकांच्या तरुणपणची आहे.

मग मधली सत्तर-ऐंशी वर्षं बाइकवरून पाणी गेलं कुठे? कारला रेडिएटर परवडला. मायबाखनंच १९०० च्या सुमारास मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा, हजारो बारीक नळ्यांचा रेडिएटर केला. आजच्या प्रत्येक रेडिएटरचा तो आजोबा. पण बाइकवर जागा नाही, वजन नको, आणि इंजिन उघडंच असल्यानं समोरून वारा फुकट मिळतो. सिलिंडरला पंखांसारख्या पट्ट्या पाडल्या की काम भागलं. इंग्लंडच्या स्कॉटसारखे काही हट्टी कारखानदार पाण्याला चिकटून राहिले, बाकीच्यांनी नाद सोडला. पाणी परत आलं ते १९७१ साली, सुझुकीच्या जीटी ७५० बरोबर. तीन सिलिंडर, टू-स्ट्रोक, आणि पुढे भला थोरला रेडिएटर. इंग्लंडमध्ये तिला लोक 'किटली' म्हणायचे आणि अमेरिकेत 'पाणम्हैस'. दादाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग आपली पण म्हैसच की. दूध तिच्यावरच जातंय." :)

आपल्याकडे मात्र बाइक म्हणजे हवाच. बुलेट हवेवर, म्हैसूरची जावा-येझदी हवेवर, एस्कॉर्ट्सची राजदूत हवेवर. राजदूत ही तर गावोगावी दूधवाल्यांची गाडी म्हणूनच ओळखली जायची. आमच्या काकांचीही तीच होती. १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली. पेट्रोल भरा आणि विसरून जा अशा अर्थाची तिची जाहिरात होती, आणि ती शब्दशः खरी होती, कारण पेट्रोल सोडून आत ओतायला फारसं काही नव्हतंच. २००१ ची पल्सर हवेवर, २००३ ची करिझ्मा हवेवर. २००७ च्या पल्सर २०० ला ऑइल कूलर आला, म्हणजे अर्धं पाऊल. खरा बदल २००८ मध्ये, यामाहाच्या आर१५ नं. साधी नोकरी करणाऱ्या पोराला हप्त्यावर घेता येईल अशी रेडिएटरवाली बाइक. मग २०१२ ला चाकणहून केटीएम ड्यूक २०० आणि पल्सर २०० एनएस पाठोपाठ आल्या. २०१८ मध्ये नवी जावा पाण्यावर आली. शेवटी २०२३ मध्ये रॉयल एनफिल्डनंसुद्धा हिमालयन ४५० ला रेडिएटर लावला आणि पट्ट्यांच्या भक्तांमध्ये सुतक पसरलं.

कारण साधं आहे. हवेवरच्या इंजिनाचं तापमान ट्रॅफिकमध्ये एक, हायवेला दुसरं, घाटात तिसरं. पाणी आणि थर्मोस्टॅट असला की ते ठरावीक पट्ट्यात राहतं. तापमान ठरलेलं असलं की पिस्टन आणि सिलिंडरमधली फट कमी ठेवता येते, कॉम्प्रेशन वाढवता येतं, धूर आवरता येतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर तर मोठ्या गाड्यांना हे टाळणं आणखी अवघड झालं.

पण इथे एक गोष्ट घडली जी कुणी बोलत नाही. आमच्या भागात रेडिएटर नवा नव्हता. एसटी, जीप, ट्रॅक्टर सगळ्यांना तो होताच. १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर एसटीची पहिली बस धावली (मी दर दिवाळीला गावी जातो तो हाच रस्ता), ती बेडफर्ड होती, पाण्यावरचीच. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. निजामाच्या रेल्वेखात्यानं तर १९३२ पासून राज्यात बस चालवल्या होत्या. तेव्हा घाट चढून आलं की बॉनेट उघडायचं, ओलं फडकं टाकून झाकण सैल करायचं आणि कॅनमधलं पाणी ओतायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं. त्या जुन्या इंजिनांचे ब्लॉक बिडाचे, पाण्याच्या वाटा ऐसपैस, रेडिएटर पितळ-तांब्याचे. विहिरीचं, ओढ्याचं, कसलंही पाणी ती पचवायची. आत थर बसला तर मिस्त्री रेडिएटर काढून, नळ्या साफ करून परत डाग द्यायचा. "गाडी तापली, पाणी टाक" हे वाक्य मी त्याच परंपरेतून उचललं होतं. परंपरा चुकीची नव्हती. तिच्याखालचा धातू बदलला होता, आणि ते मला, मेकॅनिकलच्या पोराला (हो, डिग्री मेकॅनिकलची आहे, आता हसा), कळायला हवं होतं.

आता कूलंटकडे वळू. त्यातला मुख्य द्रव इथिलीन ग्लायकॉल. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्त्झनं तो १८५० च्या दशकात बनवला, आणि पुढे कितीतरी वर्षं त्याचं करायचं काय हे कुणाला कळलं नाही. पहिल्या महायुद्धात ग्लिसरीनची टंचाई झाल्यावर स्फोटकांसाठी वापरला. गाडीत यायचं कारण थंडी. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात रेडिएटरमधलं पाणी गोठून ब्लॉक फुटायचे, म्हणून लोक त्यात अल्कोहोल ओतायचे. ते उडून जायचं. १९२७ मध्ये युनियन कार्बाइडनं 'प्रेस्टोन' नावानं ग्लायकॉल बाजारात आणला, जो उडत नव्हता. पुढे विमानांनी तो उचलला. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनात आधी निव्वळ ग्लायकॉल असायचा, मग लक्षात आलं की ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल, तेही दाबाखाली, जास्त चांगलं चालतं.

का चांगलं? हा भाग मला सगळ्यात आवडला. उष्णता वाहून न्यायला पाण्यासारखं दुसरं काही नाही. ग्लायकॉल मिसळला की ती क्षमता उलट कमी होते! निम्मं-निम्मं मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही आणि उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळतं. पाटोद्याला उणे ३७ चा उपयोग शून्य. आणि उकळण्याचं म्हणाल, तर रेडिएटरच्या झाकणातली स्प्रिंग आतला दाब वाढवते, त्यामुळे साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास टिकतं. म्हणजे "पाणी टाक, चालतंय" हे भौतिकशास्त्रात पास आहे. मी नापास झालो तो रसायनशास्त्रात.

कूलंटच्या बाटलीत ग्लायकॉलखेरीज थोडंसं आणखी काही असतं, आणि खरी भांडणं त्यावरूनच आहेत. ही गंज रोखणारी द्रव्यं. अॅल्युमिनियमवर ती संरक्षक थर धरतात. जुन्या हिरव्या कूलंटात सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट असायचे. थर पटकन धरायचे, पण दोनेक वर्षांत संपायचे. १९९० च्या दशकात सेंद्रिय आम्लांवर आधारलेली कूलंट आली. जनरल मोटर्सनं १९९५ च्या सुमारास नारिंगी रंगाचं डेक्स-कूल आणलं, पाच वर्षं टिकणारं. फोक्सवॅगनचं आधी निळसर-हिरवं होतं, मग लालसर-गुलाबी आलं, आणि दोन्ही एकत्र केली की तपकिरी गाळ व्हायचा म्हणून त्यांनी कडक इशारे दिले.

आता यात भूगोल कसा शिरतो बघा. युरोपचा बराच भाग चुनखडीचा, पाणी जड. जड पाण्यात फॉस्फेट टाकलं की कॅल्शियमबरोबर त्याचा साका होतो. म्हणून युरोपच्या कारखान्यांनी फॉस्फेटला नकार दिला आणि सिलिकेट ठेवलं. जपानचं पाणी मऊ, तिथे फॉस्फेट बिनघोर. उलट सिलिकेटनं वॉटर पंपाचं सील झिजतं ही त्यांची तक्रार, म्हणून त्यांनी सिलिकेट टाकून दिलं. थोडक्यात काय, तर कूलंटचा फॉर्म्युला हा त्या त्या देशाच्या नळाच्या पाण्याचा इतिहास आहे. आणि आपल्या बाइक आल्या कुठून? होंडा, सुझुकी, यामाहा, कावासाकी, म्हणजे बहुतेक सगळं जपान, आणि केटीएम ऑस्ट्रियाची. 'माझ्या मशीनवर चालतंय' हे वाक्य फक्त आमच्याच ऑफिसात ऐकू येतं असं समजू नका.

आणि पाटोद्याचं पाणी? बालाघाटच्या पठारावर काळ्या बसाल्टमधून, खोल बोअरमधून येतं. सोबत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट घेऊन. शाळेत याला 'दुष्फेन पाणी' म्हणायचो, काकू म्हणते "ह्या पाण्यात डाळ शिजंना". चहाच्या पातेल्याच्या बुडाला जी पांढरी खपली बसते, तीच इंजिनात बसते, कारण तापलं की बायकार्बोनेटचा कार्बोनेट होतो. ही खपली उष्णता वाहून न्यायला अॅल्युमिनियमच्या जवळजवळ शंभरपट वाईट. आणि बोअरच्या पाण्यात क्लोराइड असलं की ते अॅल्युमिनियमला बारीक भोकं पाडतं ते वेगळंच.

त्यात दादाच्या गाडीत दुसरा एक घोळ होता. पंपाचं सील किंचित गळत होतं, म्हणून डबी दर पंधरा-वीस दिवसांनी खाली जायची आणि दादा इमानेइतबारे बोअरचं पाणी भरायचा. सीलमधून पाणी झिरपून जायचं, पण दर भरीबरोबर आलेल्या क्षारांची खपली मागे उरायची. भर टाकायची, पाणी गळायचं, खपली राहायची. वर्षभर. मूळचं कूलंट पातळ होत होत नावापुरतं उरलं.

याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, परळीला, हीच गोष्ट अवाढव्य प्रमाणात माणसांनी केव्हाच सोडवलेली आहे. परळीचं औष्णिक वीज केंद्र १९७१ चं, तीस-तीस मेगावॅटच्या दोन संचांनी सुरू झालेलं. पुढे २१० चे आणि मग २५० मेगावॅटचे संच आले. तिथले ते प्रचंड कूलिंग टॉवर रेल्वेतून पाहिलेत ना? त्यातून उडते ती वाफ, म्हणजे पाणी. क्षार मागे राहतात, साठत जातात, म्हणून ठरावीक अंतरानं ते पाणी सोडून नवं घ्यावं लागतं. आणि बॉयलरमध्ये तर क्षार पूर्ण काढलेलंच पाणी घालायचं असतं, दुसरं चालतच नाही. औष्णिक केंद्र म्हणजे कोळसा असं आपल्याला वाटतं, पण तितकंच ते पाणी आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये, त्या भयाण दुष्काळात, परळी पाण्याअभावी बंद पडलं. जुलै २०१५ मध्ये पुन्हा. कोळसा होता, यंत्रं होती, थंड करायला पाणी नव्हतं. त्याच दुष्काळात आमच्या गावाला टँकरचं पाणी होतं, आणि काका त्यातलं बादलीभर जनावरांना की भांड्यांना यावर रोज काकूशी वाद घालायचे. इंजिनाच्या पाण्याचा विचार कोण करणार होतं.

बरं, मग बाटली निवडायची कशी? रंगावरून नाही, हे पहिलं. हिरवा, निळा, लाल हा फक्त टाकलेला रंग आहे, कंपनीगणिक वेगळा. बाटलीच्या मागे काय लिहिलंय ते वाचा. आयएस ५७५९ हा आपला मानक, जेआयएस के २२३४ जपानचा, एएसटीएम डी ३३०६ अमेरिकेचा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये यातलं जे सांगितलंय ते घ्या. जपानी घराण्याची गाडी असेल तर सिलिकेट नसलेलं बघा. 'बाइकसाठी खास' म्हणून दुप्पट पैसे द्यायची गरज सहसा नसते, मानक तोच असेल तर कारचं चालतं. (इंजिन ऑइलचं तसं नाही. तिथे ओल्या क्लचमुळे कारचं तेल बाइकला चालत नाही. लोक हे दोन्ही एकात कालवतात.) आणि माझं ठाम मत असं, की आपल्या भागात घट्ट कूलंट घेऊन घरी पाणी मिसळायच्या फंदात पडूच नये. तयार मिसळलेलं घ्यावं. रस्त्यात डबी खाली गेली आणि काहीच मिळालं नाही, तर बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर. आरओचं नाही, त्यातही क्षार उरतात. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आमच्या गावच्या पंक्चरवाल्याकडेसुद्धा असतो. त्या संध्याकाळी दादाच्या 'कुठलं?' ला एवढंच उत्तर पुरलं असतं.

एक सूचना मात्र गंभीरपणे. हा द्रव विषारी आहे, आणि चवीला गोड. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत तो भरून ठेवू नका, घरात पोरं असतात, दारात कुत्री असतात. याचा सख्खा भाऊ डायइथिलीन ग्लायकॉल. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषधाच्या ग्लिसरीनमध्ये त्याची भेसळ निघाली आणि चौदा रुग्ण दगावले. लेंटिन आयोग त्याच प्रकरणाचा.

मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा पुण्याहून दोन लिटर तयार कूलंट आणि पाच लिटरचा डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन गेलो. हेड बदललं तेव्हा मेकॅनिकनं वाटा साफ केल्या होत्या आणि पंपाचं सीलही नवं टाकलं होतं, तरी मला खात्री करायची होती. गाडी पूर्ण थंड होऊ दिली, खालचा बोल्ट काढला, पाणी भरून, इंजिन चालवून, थंड करून परत सोडलं. पहिल्या वेळी दुधट निघालं. चौथ्या वेळी स्वच्छ. दादा बाजूला बसून बघत होता. बाटली उघडली तर आत निळं.

"आधी तर हिरवं होतं की," दादा म्हणाला.

"रंगाचं काही नसतं दादा. मागं आकडा बघायचा."

त्यानं बाटली हातात घेतली, चष्मा लावला आणि आकडा मोठ्यानं वाचला. मग मार्कर आणून सीटच्या खालच्या बाजूला तो आकडा आणि तारीख लिहिली. उरलेली बाटली गोठ्यातल्या वरच्या फळीवर, पोरांचा हात पोचणार नाही अशी ठेवली. मी खर्चाचे निम्मे पैसे द्यायला काढले, तर म्हणाला, "गाडी तूच दिलेली हाय, ठेव तुझ्यापाशी."

संध्याकाळी दूध घालायला दोघंही गेलो, मी मागे, मांडीवर तिसरा कॅन. जाऊन-येऊन वाटेत पंखा दोनदा लागला आणि दोन्ही वेळा बंद झाला.